खाऱ्या मातीची चूल

मीठ ओढायला आलं होतं आणि नेमका तेव्हाच बांध फुटला. थोडा आधी फुटला असता तर नुसतं पाणी वाहून गेलं असतं, थोडा उशिरा फुटला असता तर मीठ ढिगात जाऊन बसलं असतं. संकटाला वेळ साधता येते ती अशी. आबा सकाळी लांब दांड्याची फळी खांद्यावर टाकून मिठागरावर गेले, तेव्हा काल पांढरेशुभ्र दिसणारे वाफे गढूळ पाण्याखाली गेले होते आणि मालकाचा मुकादम बांधावर उकिडवा बसून नुसता पाण्याकडे बघत होता. आबा वाफ्यात उतरले. पायाच्या अंगठ्यानं त्यांनी तळ चाचपला. चिखल लागला, मीठ नव्हतं.

"काही राहिलंय का?" मुलानं बांधावरून विचारलं.

"गेलं सगळं," आबा म्हणाले आणि पाय धुवायला बरं पाणी शोधू लागले. त्याहून महत्त्वाचं काम आता उरलं नव्हतं.

मालकानं लगेच हात वर केले. बांध पुन्हा उभा राहीपर्यंत काम नाही, आणि बांध कधी उभा राहील ते त्याच्या मर्जीवर. मिठागराच्या कडेला मजुरांच्या खोल्यांची एक लांब ओळ होती. त्या ओळीत आता सकाळ झाली तरी कोणाला घाई नसायची. पुरुष उंबऱ्यावर बसून पायांच्या भेगांतलं मीठ नखानं कोरायचे. बायका घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या.

आबांच्या घरात माणसं चार. आबा, मुलगा, सून आणि नात. नातीला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिचं खाणं चिमणीएवढं आणि चिवचिव दिवसभर. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मीठ ओढायच्या कामातही आता त्यांचा हात मुलापेक्षा मागे पडायचा. घरात त्यांचं वजन उरलं होतं ते जेवणाच्या वेळेला. सून चारही ताटं वाढायची, पण आबांनी पहिला घास उचलल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. चिमणीसुद्धा नाही. आबा कधीकधी मुद्दाम उशीर करायचे, पाणी प्यायचे, घसा खाकरायचे, आणि चिमणीचा जीव टांगणीला लागला की मग घास उचलायचे.

काम थांबल्यावर काही आठवड्यांनी सरकारी मदतीचं कळलं. अवजारांच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि कार्यालयातून आलेल्या तपासणीच्या बाईंनी समजावून सांगितलं. आतापर्यंत घरागणिक एक कार्ड होतं आणि ते दुकानात दाखवलं की धान्य स्वस्तात मिळायचं. ते आता बंद. स्वस्त धान्यातलं निम्मं उंदीर खातात आणि उरलेल्यातलं निम्मं दुकानदार, असं वरच्या साहेबांचं म्हणणं होतं. दुकानदार मागेच उभा होता, तोही सगळ्यांबरोबर हसला. आता ज्या घरात लहान मूल आहे तिथल्या आईच्या खात्यात दर महिन्याला रोख पैसे येणार होते. जे म्हातारे एकटे राहतात त्यांना कुपनं.

"म्हाताऱ्यांना रोख का नाही?" कोणीतरी विचारलं.

"म्हाताऱ्यांच्या हातातली रोख दुसरेच काढून घेतात," बाई म्हणाल्या. "कुपनावर धान्यच मिळतं. ते त्यांच्याच पोटात जातं."

"आणि म्हातारा पोरांबरोबर राहत असेल तर?"

"मग तो त्या घरातच धरला. त्याचं वेगळं काही नाही. चूल वेगळी तर कुपन वेगळं. आम्ही चूल बघायला येणार आहोत."

आबांचे कान टवकारले. आबा डोक्यानं तल्लख होते आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. शेडपासून घरापर्यंत येताना त्यांनी सगळं मनाशी जुळवलं.

"मागची खोली मोकळी करा," उंबरा ओलांडता ओलांडता ते म्हणाले. "फळ्या, टोपल्या काढून टाका. तिथे माझी चूल मांडू."

"तुमची?" सून म्हणाली. "आबा, तुम्हाला पाणी उकळलं की नाही तेसुद्धा मला विचारावं लागतं."

"मी कुठे रांधणार आहे? चूल दाखवायला. जेवायला मी इथेच."

मुलगा दाराला टेकून उभा होता. "लोक म्हणतील, बापाला वेगळा काढला."

"लोक म्हणतील, म्हातारा हुशार निघाला."

एरवी घर दोन होतं ते भांडून, भांडी आपटून, शेजारपाजार गोळा करून. इथे सगळे हसत होते. चिमणी तर टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं काहीतरी खेळ आहे.

चूल करायला गोडी माती लागते. ती आणायला टेकडीपलीकडच्या शेतापर्यंत जायला हवं होतं. आबांनी तेवढे पाय झिजवले नाहीत. त्यांनी जवळच्या वाफ्यातला काळा चिखल टोपलीत भरून आणला.

"खारी माती तडकते, आबा," सून म्हणाली. "ओलही धरते."

"तडकू दे. तापवणार कोण आहे?"

चुलीच्या कडेला चिमणीनं बोटांचे ठसे उमटवले. सुनेनं आपल्या चुलीतली राख आणून त्यात पसरली. मुलानं भिंतीला काजळी फासली, आणि तो ती इतकी मन लावून फासत होता की आबा म्हणाले, "पुरे आता, आग लागल्यासारखं वाटेल." बाई बघायला आल्या तेव्हा आबांनी खांदे पाडून बसण्याची जागाही आधीच ठरवून ठेवली होती.

"एकटेच जेवता का, आजोबा?"

"काय करणार," आबांनी सुस्कारा सोडला. "पोरांचं आणि आपलं कुठे पटतं?"

दाराआड सून तोंडावर हात दाबून हसत होती. बाईंनी राख बघितली, काजळी बघितली, कागदावर खूण केली आणि त्या ओळीतल्या पुढच्या घराकडे गेल्या. संध्याकाळी जेवताना आबांनी तो सुस्कारा पुन्हा सोडून दाखवला. चिमणीनं तो शिकून घेतला आणि घासागणिक सुस्कारे सोडत बसली. इतकं हसत ते घर कितीतरी दिवसांत जेवलं नव्हतं.

मग कुपनांची गड्डी आली. आबा ती छातीच्या खिशात ठेवून दुकानात गेले. एक कुपन तांदळाचं, एक डाळीचं, एक तेलाचं. आणि एक मिठाचं. दुकानदारानं मिठाचं पाकीट फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या, आबा. तुमचंच आहे."

दुकानातली सगळी माणसं हसली. आबाही हसले, पण त्यांची कानशिलं तापली. जन्मभर ज्या मिठानं तळपाय खाल्ले, ते आता मूठभर प्लास्टिकात बांधून कोणीतरी मदत म्हणून देत होतं. आणि नको म्हणायची सोय नव्हती. मिठाच्या कुपनावर मीठच मिळायचं.

"याच्या बदली चहाची पूड दे," आबा म्हणाले.

"चहा कुपनात बसत नाही. तेल सोडा, मग बघू."

आबांनी अर्धं तेल सोडलं आणि चिमूटभर चहा घेतला. सौदा डोळ्यांदेखत तोट्याचा होता, पण सकाळी चहाशिवाय आबांचं पाऊल उचलत नसे.

तेवढ्यात सून आली. तिच्या खात्यात पैसे जमा झाले होते आणि तिच्या चालण्यातच ते कळत होतं. दुकानदारानं तिच्यासाठी पुढच्या पोत्यात माप घातलं. आबांना मागच्या पोत्यातलं दिलं होतं. आबांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ओळीच्या टोकाला राहणारा एक म्हातारा पायरीवर बसला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड एकदा चालू झालं की बंद करायची कळ सापडत नसे.

"स्वस्त धान्य होतं तेच बरं होतं," रेडिओ म्हणाला. "किडकं असायचं, पण सगळे एका रांगेत असायचो. आता हे कुपनवाले, ते रोखवाले. एकमेकांच्या पिशव्यांत डोकावतात."

"कुपन चांगलं," दुकानदार म्हणाला. "रोख दिली की माणूस शहरात जाऊन उडवून येतो. कुपन इथेच राहतं."

"तुमच्या गल्ल्यात राहतं म्हणा," सून म्हणाली. "मला रोखच बरी. चिमणीचे बूट काय तेलाच्या कुपनावर येतात? कशाला खर्च करायचा ते मला कळतं. आम्हाला कळत नाही असं समजूनच कुपनं देतात का?"

आबांना सुनेचा अभिमान वाटला. आणि त्याच वेळी त्यांना जाणवलं की खिशातली गड्डी तेवढी म्हाताऱ्याला काही कळत नाही असं समजून दिलेली आहे.

असं काही दिवस चाललं. आबांचं धान्य सुनेच्या डब्यात जायचं, आबा सुनेच्या चुलीवरचं जेवायचे आणि मागची चूल राख मिरवत बसायची. मग ओळीतली काही घरं पकडली गेली. बाई ऐन जेवणाच्या वेळी आल्या आणि कागदावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला पोराच्या पंगतीत बघून गेल्या. त्या घरांची रोखही गेली आणि कुपनंही. दिलेलं परत घेणार अशी वदंता उठली. चहाडी त्यानंच केली असणार म्हणून सगळे रेडिओकडे बघू लागले. तो बिचारा शपथा घेत सुटला, पण त्याचं पहिल्यांदाच कोणी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी सुनेनं तीनच ताटं मांडली. मुलानं आबांकडे न बघता सांगितलं, "आबा, थोडे दिवस तिकडेच जेवा. खरोखर."

"हो, हो," आबा लगबगीनं म्हणाले. "मीच सांगणार होतो."

पहिल्या दिवशी भात तळाला लागला आणि वर कच्चा राहिला. आबांनी तो चमच्यानं खरवडून खाल्ला. मागच्या बाजूनं सून झाकून वाटी आणून द्यायची, पण एकदा रेडिओच्या बायकोनं हाक मारून विचारलं, "काय गं, वाटी कुणाला?" आणि ती वाटी तिथूनच परत गेली. मग सून भिंतीपलीकडून मोठ्यानं सांगायची, जशी काही चिमणीलाच शिकवते आहे, "तांदळावर बोटाच्या पेरभर पाणी ठेवायचं. उकळी आली की जाळ मागे ओढायचा." आबा पलीकडे बोट बुडवून बघायचे. हळूहळू भात जमू लागला, तशा सुनेच्या सूचनाही थांबल्या. त्या थांबल्या याचं आबांना भात जमल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्यांनी एकदा मुद्दाम भात करपवला आणि धूर पलीकडे जाऊ दिला. पलीकडून नुसतं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

भिंत पातळ होती. तिकडे ताटं मांडल्याचा आवाज झाला की आबा आपलं ताट पुढे ओढायचे. तिकडे भांडं वाजलं, मुलाचं बोलणं थांबलं, म्हणजे जेवण सुरू झालं. मग आबा पहिला घास उचलायचे. त्याआधी नाही. कधी तिकडे उशीर झाला तर इकडे आबांचा भात निवून जायचा.

खारी माती आपल्या गुणावर गेली. चूल तापली की तडकायची आणि निवली की ओल सोडायची. आबा रोज भेगा लिंपायचे. बोटांच्या ठशांपैकी एखाददुसरा खपलीसारखा गळून पडायचा. एकदा सून लाकडं द्यायला आली आणि खाली बसून चुलीकडे बघत राहिली.

"आबा, टेकडीपलीकडून गोडी माती आणू या. मी येते बरोबर. नीट चूल करू."

"कशाला?" आबा म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

सून लाकडं भिंतीशी रचून उठली. आबांना नीट चूल नको होती. नीट चूल केली म्हणजे इथे राहायचं ठरलं, असं त्यांना वाटत होतं. तडकती आहे तोवर ती दाखवायचीच होती.

बाई पुन्हा आल्या त्या चिमणी अंगणात खेळत असताना. यावेळी त्यांनी आबांना काही विचारलंच नाही. त्या चिमणीसमोर गुडघ्यावर बसल्या.

"आजोबा कुठे जेवतात गं?"

चिमणीनं हातातला खडा खाली ठेवला. तिला घरी पढवून ठेवलं होतं, पण पढवलेलं बोलताना पोरांची नजर जशी आईला शोधते तशी तिची शोधत नव्हती.

"तिकडे," ती म्हणाली. "ते आमच्यात नसतात."

"कधीच नाही?"

"नाही. ते वेगळे आहेत."

आबा दारात उभे होते. सून चुलीपाशी, मुलगा तिच्या मागे. बाईंनी खूण केली आणि त्या निघाल्या, तसा मुलाचा जीव भांड्यात पडला. त्यानं चिमणीला उचलून घेतलं आणि म्हणाला, "शाबास." आबाही म्हणाले, "शाबास, पोरी." मग ते मागच्या खोलीत जाऊन एक टोपली दुरुस्त करत बसले, जिला काही झालेलं नव्हतं. पोरगी खोटं बोलली असती तर त्यांना वाईट वाटलं नसतं. ती खरं बोलली होती.

बांध तसाच पडून होता. एक दिवस सून साठवलेल्या रोख पैशांतून गाडीभाडं काढून शहरात गेली आणि संध्याकाळी परतली ती चेहऱ्यावर उजेड घेऊन. भिंतीपलीकडचं बोलणं आबांना सगळं ऐकू आलं. एका कारखान्यात डबे भरायचं काम होतं, दोघांनाही. सुनेच्या मावशीच्या शेजारी राहायला एक खोली होती. शाळा जवळ होती.

"आणि तुझे पैसे?" मुलगा विचारत होता.

"खातं माझं आहे. मी जाईन तिथे येतील."

"आबांचं कुपन?"

"ते फक्त इथल्याच दुकानात चालतं."

मग आवाज खाली गेले. आबांनी भिंतीला कान लावला नाही, तेवढी लाज त्यांच्यात होती. पण ते टोपलीवरचा हात थांबवून बसून राहिले.

ते काही दिवस आबांना फार मोठे गेले. मुलगा यायचा, बांधाची चौकशी सांगायचा, लाकडं आहेत का विचारायचा आणि जायचा. आबा वाट बघत होते एका शब्दाची. त्यानं नुसतं "चला" म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोली लहान असली तर दाराशी झोपता येतं. आबांना काय, फळी आणि टोपलीशेजारी झोपायची सवय झालीच होती. पण मुलगा भिडस्त आहे, त्यांनी मनाला समजावलं. कुपन सोडायला लावायचं त्याच्या जिवावर येत असेल. फुकटचं धान्य सोडून चल, असं बापाला कोण म्हणेल?

तेव्हा ती अडचण आपणच दूर करावी असं आबांनी ठरवलं. चूल नसेल तर कुपन नाही. कुपन नसेल तर म्हातारा पोराच्या घरात धरला, हे बाईंनीच सांगितलं होतं. दुपारी ओळ झोपलेली असताना आबांनी मिठाच्या फळीचा दांडा घेतला आणि चूल फोडली. एका घावातच ती बसली. ढेकळं टोपलीत भरून त्यांनी वाफ्यात नेऊन टाकली, जिथली माती होती तिथेच. जागा झाडून घेतली. वर रिकामी टोपली पालथी घातली, म्हणजे मुलाला एकदम धक्का बसायला नको. मग हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून ते बसले. सांगायचं वाक्यही त्यांनी तयार ठेवलं होतं, हसत सांगायचं, "चूल गेली रे बाबा, आता मला तुमच्यातच धरा."

मुलगा उन्हं उतरल्यावर आला. आत न येता चौकटीवर बसला.

"आबा, आम्ही जातोय. तुमच्या कानावर आलंच असेल."

"आलंय."

"खोली लहान आहे. पुढे बघू, मोठी मिळाली की..." तो जमिनीकडे बघत होता. मग त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "एक बरं आहे. तुमची चूल वेगळी झालेली आहे, कुपन चालू आहे, भातही जमतो आता. म्हणून माझ्या जिवाला घोर नाही. नाहीतर तुम्हाला सोडून जायची माझी हिंमत झाली नसती."

तयार ठेवलेलं वाक्य आबांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"हो," ते म्हणाले. "माझी काळजी करू नका."

"खरंच ना?"

"अरे, खरंच. कुपन आहे ना."

मुलानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणी तो असा हात ठेवायचा ते काहीतरी मिळाल्यावर. आबा टोपलीला पाठ लावून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्याच सकाळी सामान टेम्पोत चढवलं तेव्हा सून मागच्या खोलीत आली. तिच्या हातात चहाच्या पुडीचं मोठं पाकीट होतं आणि साखर.

"हे तुमच्या कुपनात बसत नाही," ती म्हणाली. "मी रोखीनं आणलंय."

पाकीट ठेवायला ती वाकली आणि तिचा हात टोपलीला लागला. टोपली सरकली. खाली झाडलेली जमीन होती आणि चुलीच्या आकाराचा ओलसर डाग. सून त्या डागाकडे बघत राहिली. मग तिनं आबांच्या धुतलेल्या सदऱ्याकडे बघितलं, कोपऱ्यात बांधून ठेवलेल्या गाठोड्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं, आणि तिला कळलं हे आबांनाही कळलं.

"आबा, चूल?"

"तडकली होती. काढून टाकली. आता गोड्या मातीची करतो, तू म्हणाली होतीस तशी."

बाहेरून टेम्पोचा भोंगा वाजला, मुलानं हाक मारली, चिमणी "आई, आई" करत होती. सून गाठोड्यापाशी गेली, त्याला हात लावला आणि हात मागे घेतला. एका खोलीत किती माणसं मावतात त्याचा हिशेब तिनं कितीदा तरी घातला असेल. आबा म्हणाले, "जा, खोळंबलेत." ती गेली. चिमणीनं टेम्पोतून हात हलवला तो सगळ्या ओळीला मिळून.

पुढच्या खोलीला मुकादमानं कुलूप लावलं. आबांनी एक दिवस शिळं खाल्लं, एक दिवस रेडिओच्या बायकोनं दिलेलं. रेडिओ म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं हो त्या घरांचं," आणि आबा म्हणाले, "माहीत आहे." मग त्यांनी टोपली घेतली आणि ते टेकडीपलीकडे गेले. ऊन डोक्यावर होतं. मऊ तांबूस माती बघून त्यांनी टोपली भरली, उतरताना गुडघे बोलायला लागले तेव्हा दोनदा बसले, आणि घरी येऊन मातीत भुसा घालून ती पायांनी तुडवली. मिठाच्या चिखलात जन्म गेलेला. गोडी माती पायाच्या भेगांना झोंबत नाही हे त्यांना नव्यानं कळलं. चूल सुबक झाली. कडा ओल्या असेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसले. त्यावर बोटं उमटवायला कोणी नव्हतं.

ती तडकली नाही. रोज तापायची, रोज निवायची, तिला भेग म्हणून पडली नाही. भिंतीपलीकडे आवाज नसल्यामुळे जेवायला कधी बसायचं ते मात्र आबांना कळेनासं झालं. कधी दुपारीच, कधी दिवेलागणीला. ताट पुढे घेऊन ते उगीच थांबायचे.

बाई तपासणीला आल्या तेव्हा आबांना इतका आनंद झाला की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. त्यांनी लगेच चहाचं आधण ठेवलं.

"चूल नवी केलीत," बाई म्हणाल्या. त्यांनी खाली बसून ती नीट बघितली. "छान आहे. आजोबा, यावेळी एक प्रश्न जास्तीचा आहे, वरून विचारायला सांगितलाय. पूर्वीचं स्वस्त धान्य, आताचं कुपन, की रोख? यातलं तुम्हाला काय मिळालेलं बरं वाटेल?"

आबांनी चुलीतला जाळ थोडा मागे ओढला.

"रोख असती तर गाडीभाडं झालं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ते जुनं कार्ड होतं ना, बाई, त्याच्यावर आमची सगळ्यांची नावं एकाखाली एक होती. सगळ्यात वर माझं."

बाईंना हे कुठे लिहायचं ते कळेना. त्यांनी तो प्रश्न तसाच ठेवला आणि नेहमीचा विचारला.

"इथे एकटेच जेवता ना?"

हाच प्रश्न आधी विचारला होता तेव्हा आबा डोळ्याचं पातं न लवू देता खोटं बोलले होते. आता नुसतं हो म्हणायचं होतं. चूल खरी होती, राख त्यांची होती, पुढच्या खोलीला कुलूप होतं. कागदावर लिहिलेलं सगळं आता खरं झालं होतं. पण जीभ उचलेना.

"नाही," आबा म्हणाले. "आम्ही चौघं जेवतो."

बाईंनी मान वळवून दाराबाहेर बघितलं. कुलूप तिथून दिसत होतं. मग त्यांची नजर फळीवर गेली. तिथे मिठाची पाकिटं एकावर एक रचलेली होती, आणि त्यांच्याशेजारी चिमणीचं विसरून राहिलेलं छोटं ताट धुऊन उभं ठेवलेलं होतं.

"आजोबा," त्या हळू म्हणाल्या, "असं सांगू नका. कुपन जाईल."

"चौघं," आबा म्हणाले.

बाईंनी पेन मिटलं. लिहिलं काहीच नाही. त्यांना अजून सगळी ओळ बघायची होती, पण त्या भिंतीला टेकून बसल्या. आबांनी चहा दोन पेल्यांत ओतला आणि एक त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी पेल्याला हात लावला नाही.

"घ्या ना," आबा म्हणाले. "निवेल."

"तुम्ही मोठे आहात," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही घ्या."

आबांनी घसा खाकरला. मग पेला उचलला.